दवाखान्यातून दुसराच आजार घरी येतो तो कसा? सुई, हात, टाके अन् भेटीला जाणाऱ्यांसाठी कामाची माहिती

नांदगाव खंडेश्वर : घरातला म्हातारा पाय घसरून पडतो, दवाखान्यात भरती होतो, ऑपरेशन होते, हाडही जुळते; पण घरी आल्यावर आठव्या दिवशी टाक्यातून पू येतो. बाईची सुटका चांगली होते अन् चौथ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरतो. सलाईन लावलेला हात लाल होऊन सुजतो. अशा वेळी गावात कोणी नशिबाला बोल लावते, कोणी बाहेरचे लागले म्हणते. पुष्कळदा ते दवाखान्यातच लागलेले असते.

भरती होताना पेशंटच्या अंगात जो जंतू नव्हता, तो भरती झाल्यानंतर साधारण ४८ तास उलटल्यावर आजार दाखवू लागला, तर डॉक्टर लोक त्याला रुग्णालयातील संसर्ग म्हणतात. ऑपरेशनच्या जखमेत तो घरी गेल्यावरही उमटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार श्रीमंत देशांत भरती झालेल्या १०० पेशंटपैकी ७ जणांना असा संसर्ग होतो, तर आपल्यासारख्या देशांत १५ जणांना. संसर्ग झालेल्या दहापैकी एकाचा जीव जातो. त्याच अहवालात असेही आहे की हात धुणे आणि साधे नियम नीट पाळले तर यातले बरेच संसर्ग टळतात. म्हणजे महागडी मशीन नसलेल्या ठिकाणीही पुष्कळ काही करता येते.

आपल्या तालुक्यातला पेशंट आधी गावच्या उपकेंद्रात किंवा जवळच्या खासगी डॉक्टरकडे जातो. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग नांदगावचे ग्रामीण रुग्णालय, अन् जास्त झाले तर अमरावतीला इर्विन, बाळंतपण असेल तर डफरीन. या वाटेत पाच-सहा जणांचे हात त्याला लागतात, दोन-चार सुया टोचल्या जातात. जंतू चालत जात नाही, त्याला कोणीतरी नेऊन सोडावे लागते, आणि ते नेणारे म्हणजे हात आणि सुई. म्हणून या दोन गोष्टींवर नजर ठेवली तरी निम्मे काम होते. ही नजर फक्त डॉक्टर-नर्सने ठेवायची नाही, पेशंटच्या घरच्यांनीही ठेवायची.

सुई बदलली, सिरिंज तीच

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. सुई नवीन लावली म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. पण सुई अंगात असताना थोडेसे रक्त मागे सिरिंजमध्ये येते. ते डोळ्याला दिसेलच असे नाही. तीच सिरिंज नवी सुई लावून दुसऱ्याला वापरली, तर पहिल्याचे रक्त दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकते. त्यातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे तीन आजार पसरतात. यात कावीळ ब सर्वांत चिवट. तो विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो. हा आजार असलेल्याची सुई चुकून टोचली तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत तीच शक्यता हजारात साधारण तीन आहे. लोक घाबरतात मात्र उलट.

औषधाच्या बाटलीचेही तसेच. एका बाटलीतून दहा जणांना डोस देता येतो, त्यात गैर काही नाही. पण एकाला टोचलेली सिरिंज पुन्हा त्याच बाटलीत घातली तर सगळी बाटली गेली. लोणच्याच्या बरणीत उष्टा चमचा घालू देत नाहीत, तोच हिशेब.

हे फक्त पुस्तकातले नाही. गुजरातमध्ये मोडासा भागात २००९ च्या सुरुवातीला कावीळ ब ची साथ आली आणि कित्येक डझन माणसे दगावली. आजारी पडलेल्यांमध्ये आधी इंजेक्शन घेतलेले लोक जास्त निघाले, आणि वापरलेल्या सिरिंजा पुन्हा फिरत असल्याचे समोर आले. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात २०१८ मध्ये अनेक गावकरी एचआयव्ही बाधित निघाले. स्वस्तात औषध देणारा एक बोगस डॉक्टर एकच सिरिंज सर्वांना वापरत होता, असा आरोग्य खात्याचा आरोप होता. पाकिस्तानातल्या रातोदेरो गावात २०१९ साली शेकडो लोक एचआयव्हीबाधित निघाले, त्यातली बहुतेक लहान मुले होती. ही सगळी आपल्यासारखीच, शेतीवर जगणारी गावे आहेत.

लसीकरणात हा धोका आता राहिलेला नाही. सरकारी लसीकरणात जी सिरिंज वापरतात ती एकदा दाबली की आपोआप अडकते, दुसऱ्यांदा औषध ओढताच येत नाही. त्यामुळे बाळाच्या लसीबाबत शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यायची ती ताप, अंगदुखी, अशक्तपणा यासाठी घेतलेल्या सुईबद्दल.

अन् इथे थोडा दोष आपलाही आहे. "डॉक्टर साहेब, एक सुई मारून द्या, लवकर बरं वाटते." हे वाक्य तालुक्यातल्या कोणत्याही दवाखान्यात दिवसभर ऐकू येते. गोळ्या लिहून देणारा डॉक्टर कमी हुशार अन् सुई देणारा हातगुणाचा, असा समज बसला आहे. सोंगणीच्या दिवसात मजुरी बुडू नये म्हणून माणूस सुई मागतो, ते समजण्यासारखे आहे. पण साधा ताप, सर्दी, अंगदुखी यात गोळीने जे काम होते तेच सुईने होते, फरक पडला तर थोड्या वेळाचा पडतो. सलाईनचेही तसेच. उलट्या थांबत नाहीत, तोंडाने काही राहत नाही, तेव्हा सलाईन जीव वाचवते. नुसत्या थकव्यासाठी लावलेल्या सलाईनमध्ये मीठ, साखर अन् पाणीच असते. लागत नसलेली प्रत्येक सुई म्हणजे अंगाला पाडलेले एक जास्तीचे भोक. "गोळीने भागेल का?" हे डॉक्टरला विचारायला काहीच हरकत नाही.

सुई घ्यावीच लागली तर पाकीट आपल्या समोर फोडायला सांगावे. टोचून झाल्यावर सुई तिथेच कटरने तोडली पाहिजे. यात डॉक्टरचा अपमान नाही. चांगला डॉक्टर न सांगताच पाकीट दाखवतो.

परळची एक बाटली

जुन्या लोकांना काचेची सिरिंज आठवत असेल. स्टीलच्या डब्यात पाणी उकळायचे, त्यात सिरिंज अन् सुई टाकायची, मग तीच सगळ्यांना. उकळल्याने पुष्कळ जंतू मरतात, सगळे नाही. धनुर्वाताच्या जंतूचे बीज उकळत्या पाण्यातही तग धरते. म्हणून आता अवजारे ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. ते म्हणजे प्रेशर कुकरचा मोठा भाऊ. त्यात १५ पौंड दाबाने वाफ १२१ अंश सेल्सिअसवर नेतात आणि साधारण १५ ते ३० मिनिटे ठेवतात. अवजारांच्या पुडक्यावर एक टेप लावलेली असते, तापमान नीट लागले की तिच्यावरचे पट्टे काळे पडतात. पुडक्यावर तारीखही असते. ड्रेसिंगच्या वेळी हे सहज दिसते.

एका अवजाराने काय होते याची एक जुनी गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. प्लेगच्या काळात वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जायची. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाकी बाटल्यांना काही नाही. हाफकिन यांच्यावर ठपका आला, काम गेले. पुढे उलगडा झाला तो असा की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता, अन् तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बाटलीचे बूच काढले. १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला. परळची ती प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

संत्र्याची सल काढणाऱ्याला हे सांगायला नको. एका रोगट झाडावर चालवलेली कात्री तशीच दुसऱ्या झाडाला लावली तर रोग बागेत फिरतो, म्हणून कात्री औषधात बुडवून घेतात. झाडासाठी जे करतो ते माणसासाठी मागायला लाजू नये.

हात धुणे, अन् बाळंतपण

१८४७ साली व्हिएन्ना शहरात इग्नाझ सेमेलवाईस नावाचा डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्यात दोन बाळंतपणाचे विभाग होते. एकात डॉक्टर अन् विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बायका जास्त मरायच्या. सेमेलवाईसला समजले की विद्यार्थी मुडद्याची चिरफाड करून तसेच बाळंतिणीला तपासायला येतात. त्याने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्या एप्रिल महिन्यात शंभरात १८ बायका मरत होत्या, दोन-तीन महिन्यांत ते प्रमाण दोनच्या आसपास आले. त्याच्यावर लोकांनी विश्वास ठेवला नाही तो नाहीच.

आजही तेच पाणी अन् तोच साबण आहे. डॉक्टर-नर्सने पेशंटला हात लावण्याआधी, सुई-नळी असे काम करण्याआधी, रक्त-लघवी हाताला लागल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लागल्यावर असे पाच वेळी हात स्वच्छ करायचे असतात. हातमोजे घातले म्हणजे हात धुवायचे काम संपले असे नाही. एकच मोजा घालून तीन पेशंट तपासले तर मोजा जंतू वाटत फिरतो, घालणाऱ्याचे हात तेवढे स्वच्छ राहतात.

बाळंतपणात स्वच्छतेच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. करणाऱ्याचे हात स्वच्छ, जागा स्वच्छ, नाळ कापायचे ब्लेड नवे, नाळ बांधायचा धागा किंवा क्लिप निर्जंतुक, अन् नाळेवर काहीही लावायचे नाही. शेवटची गोष्ट घरी आल्यावर मोडते. हळद, तेल, राख, कुठे कुठे शेण. आजीचा जीव बाळात असतो, तिला वाईट करायचे नसते, पण शेणात अन् मातीत धनुर्वाताचे बीज असते. नाळ कोरडी ठेवली की आपोआप गळते. भारत २०१५ मध्ये नवजात बाळाच्या धनुर्वातातून बाहेर पडल्याचे जाहीर झाले, ते गरोदर बायांची लस अन् दवाखान्यातली बाळंतपणे यामुळे. कावीळ ब ची पहिली लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत द्यायची असते. सुट्टीच्या आधी ती दिली का, हे कार्डावर पाहून घ्यावे.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची खूण ओळखायची अन् औषध द्यायचे, हे त्यात मुख्य होते. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, अन् १९९९ मध्ये ते लॅन्सेट या जगप्रसिद्ध मासिकात छापून आले. आज आशाताई बाळ पाहायला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात तो कार्यक्रम यातूनच पुढे आला. बाळ दूध ओढत नाही, रडणे मंदावले, अंग थंड किंवा तापलेले, छाती आत जाते, नाळेतून पू, यातले एकही दिसले तर आशाताईच्या पुढच्या भेटीची वाट पाहू नये. १०२ किंवा १०८ ला फोन करावा.

टाके, नळ्या अन् इंट्राकॅथ

टाक्यांची पट्टी ओली झाली, रक्ताने भिजली किंवा सुटली तर नर्सला सांगावे, घरचा रुमाल बांधू नये. जखम पाहायची म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला पट्टी उघडून दाखवू नये. जखमेभोवती लाली वाढणे, गरम लागणे, पू, वास, ताप ही सांगण्यासारखी लक्षणे. साखरेच्या पेशंटला जखम लवकर बिघडते, त्याने ऑपरेशनच्या आधीच साखर आटोक्यात आणावी. ऑपरेशनच्या जागचे केस घरून ब्लेडने काढून जाऊ नये. ब्लेडने बारीक चिरा पडतात अन् जंतूंना दार मिळते.

हातातल्या इंट्राकॅथभोवती दुखले, लाल झाले तर लगेच सांगावे, "राहू द्या, उद्या निघणारच आहे" म्हणू नये. लघवीच्या नळीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता लटकवायची. पेशंटला हलवताना पुष्कळ जण ती त्याच्या पोटावर ठेवतात. त्याने पिशवीतली लघवी मागे जाते, सोबत जंतूही. नळी लागून तीन-चार दिवस झाले तर "आता काढता येते का?" हे राउंडच्या वेळी जरूर विचारावे. नळी जितकी जास्त दिवस, तितका संसर्ग पक्का.

पाहायला जाणारे

वऱ्हाडात कोणी भरती झाले की पाहायला जायची रीत आहे. ऑटो भरून माणसे जातात, न गेले तर वर्षभर बोलणे खावे लागते. रीत मायेची आहे, पण दहा माणसे पलंगाभोवती बसली, त्यातली तीन पलंगावरच, कोणी पेशंटच्या पांघरुणावर डबा सोडला, कोणी खोकला, तर पेशंटचे काय होते ते सांगायला नको. लहान लेकरांना वॉर्डात नेणे तर दोन्हीकडून वाईट. बाळंतीण पाहायला जाणारी प्रत्येक बाई बाळाला उचलून पापी घेते, इथे घरच्या सासूबाईंनीच थोडे कठोर व्हावे. पेशंटजवळ एकच माणूस राहावा, त्याने येता-जाता हात धुवावे, ज्याला सर्दी-खोकला-जुलाब आहे त्याने फोनवर विचारपूस करावी. व्हिडिओ कॉल आता सगळ्यांच्या हातात आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट अमरावती जिल्ह्यात आधी उसळली, २२ फेब्रुवारीपासून अमरावती अन् अचलपुरात टाळेबंदी लागली. तेव्हा तोंडाला रुमाल न बांधता कोणी दवाखान्याची पायरी चढत नव्हते. कोरोना गेला, टीबी आहे तिथेच आहे, अन् तोही हवेतूनच पसरतो. खोकल्याच्या पेशंटने ओपीडीच्या रांगेत मास्क लावावा, खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात. हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून वॉर्डाच्या खिडक्या बंद करणारे बहुधा नातेवाईकच असतात.

संसर्ग पेशंटकडून सेवा करणाऱ्यालाही होतो, हे विसरता येत नाही. प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर मुलगा यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्ण आणले. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर वाहून आणले, त्यातच त्यांना प्लेग झाला अन् १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आज नर्सताई, सफाई कामगार, प्रयोगशाळेतला माणूस यांना रोज सुईचा धोका असतो. वापरलेली सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, अन् ताबडतोब डॉक्टरांना दाखवायचे. एचआयव्ही टाळण्याची गोळी जमल्यास दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते आणि २८ दिवस घ्यावी लागते. उकिरड्यावर कोणाला सुई टोचली तरी हाच नियम.

रक्त देताना-घेताना

नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना रक्त दिल्यानंतर एचआयव्ही झाल्याचे आणि त्यातले एक मूल दगावल्याचे मे २०२२ मध्ये आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले होते. प्रत्येक पिशवी तपासली जाते, पण लागण नुकतीच झाली असेल तर काही दिवस ती तपासणीत दिसत नाही. म्हणून गावात जयंतीला किंवा वाढदिवसाला रक्तदान शिबिर होते तेव्हा फॉर्मवरचे प्रश्न लाज न बाळगता खरे भरावे. मित्रांनी ओढत नेले म्हणून बसलेल्या पोराने काही शंका असल्यास चुपचाप परत यावे.

सुया उकिरड्यावर नको

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमानुसार दवाखान्याने कचरा चार रंगांत वेगळा करायचा आहे. रक्त-पू लागलेला कापूस, पट्टी पिवळ्या पिशवीत. सलाईनची नळी, सुई काढलेली सिरिंज असे प्लास्टिक लाल पिशवीत. सुया अन् ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्यात. प्रक्रिया न करता हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. खासगी दवाखान्यालाही हाच नियम आहे. नाल्यात, धुऱ्यावर सुया दिसल्या तर फोटो काढून ग्रामपंचायत आणि तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयाला कळवावे, हाताने उचलू नये.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुया झाकण असलेल्या जाड प्लास्टिकच्या डब्यात जमा करून उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात विचारून द्याव्या. इन्सुलिनचे पेन अन् साखर तपासायची सुई नवरा-बायकोतही वाटून घ्यायची नाही. जत्रेत गोंदण काढणाऱ्याची सुई अन् न्हाव्याचे ब्लेड यालाही हाच हिशेब लागू.

दवाखान्यात हात धुवायला साबण नाही, बेसिनला पाणी नाही, अशी तक्रार असेल तर नर्सशी भांडून उपयोग नसतो. प्रत्येक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे, तिच्याकडे अशा खर्चासाठी निधी येतो, अन् त्यात गावातले प्रतिनिधीही असतात. त्यांना विचारावे. केंद्र सरकारच्या २०१५ पासून सुरू असलेल्या कायाकल्प योजनेत स्वच्छता, संसर्ग प्रतिबंध आणि कचरा यावर आरोग्य केंद्रांना गुण मिळतात. ७० टक्क्यांच्या वर गुण मिळवून जिल्ह्यात पहिले येणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राला २ लाख रुपये मिळतात. आपल्या केंद्राला मागच्या वेळी किती गुण पडले, हे ग्रामसभेत विचारता येते. आरोग्याबाबत सल्ला किंवा तक्रारीसाठी १०४ हा क्रमांक मोफत आहे. दवाखाना चालवणाऱ्याच्या पदवीबद्दल शंका असेल तर भिंतीवरचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. ते नसेल तर तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.